घट कशामुळे झाली?

तेरा रकाने भरून झाले आणि चौदाव्यापाशी मॅडमचं पेन अडलं. वीज तीस टक्के कमी. कागद निम्म्यावर. जनरेटरचं डिझेल जवळजवळ शून्य. कचऱ्याचे डबे अर्धे रिकामे. आपल्या कॉलेजचे असे पर्यावरणाचे आकडे आजवर कोणी स्वप्नातही पाहिले नव्हते. आणि चौदावा रकाना विचारत होता, ही घट कशामुळे झाली?

मॅडमना खरोखरच माहीत नव्हतं.

नऊ वाजले होते. तपासणी समिती अकराला येणार होती. समितीच्या अध्यक्षबाईंचा लौकिक असा, की त्या कागदावर विश्वास ठेवत नाहीत, शिपायाला बाजूला घेऊन विचारतात. तेव्हा थाप मारायची सोय नव्हती. मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवत, तेही सहा वर्षं हंगामी. कालच परदेशातून परतलेल्या प्राचार्यांनी बूट काढायच्या आत त्यांना बोलावून घेतलं होतं. "अ श्रेणी आली, की तुमच्या कायम नेमणुकीवर त्याच दिवशी सही. नाही आली, तर मग बघू." सरांचं 'मग बघू' मॅडमना सहा वर्षांत तोंडपाठ झालं होतं.

वही उचलून त्या आधी वीजतंत्र्याकडे गेल्या. तो तळमजल्यावर फ्यूजच्या पेटीत डोकं घालून बसला होता.

"भाऊ, वीज एवढी कमी कशी झाली? नवे दिवे बसवलेत का?"

"दिवे कुठले, मॅडम. जुनेच लागत नाहीत धड. सभागृहाचा एसी बंद होता ना. आधी रोज दोन मीटिंगा व्हायच्या. चार महिन्यांत एक झाली नाही."

"आणि जनरेटर?"

"लाइट गेली तरी भाषण थांबू नये म्हणून तो असतो. भाषणच नाही, तर लावू कशाला?"

ऑफिसातल्या क्लार्कबाई झेरॉक्स मशीनवर हात ठेवून उभ्या होत्या. "हिला चार महिने जरा श्वास मिळाला बघा," त्या म्हणाल्या. "एक परिपत्रक निघायचं, मग त्याची दुरुस्ती, मग दुरुस्ती वाचली का म्हणून तिसरं. प्रत्येकी सात प्रती. कागद वाचवा म्हणून काढलेलं परिपत्रक तर नऊ पानी होतं."

कँटीनच्या मावशींनी त्यात भर घातली. "सत्कार नाहीत, तर हार-गुच्छ नाहीत. गुच्छ नाहीत, तर त्यांचं प्लास्टिक नाही. कचरा येणार कुठून?"

राहता राहिला माळी. झाडांच्या रकान्यात एक झाड वाढलेलं होतं, आणि दहा वर्षांत ते पहिलंच. माळ्याने फाटकाजवळचं छातीइतकं रोप कौतुकाने दाखवलं.

"इथे उजेड चांगला पडतो, म्हणून दरवर्षी फोटोसाठी याच खड्ड्यात वृक्षारोपण व्हायचं. मग आदल्या दिवशी मागच्या वर्षीचं उपटायला लागायचं. यंदा फोटो नव्हता, मॅडम. बिचारं जगलं."

मॅडम तिथेच कट्ट्यावर मटकन बसल्या. कारण सापडलं होतं. ते सहा फूट उंच होतं, सूट घालून आत आरशासमोर टाय बांधत होतं, आणि पर्यावरण संवर्धनाच्या अभ्यासदौऱ्यावरून कालच परत आलं होतं. हे लिहिलं तर नोकरी गेली. दुसरं काही लिहिलं तर अध्यक्षबाई माळ्याला गाठणार, श्रेणी जाणार, म्हणजे पुन्हा नोकरी गेली. मॅडमना स्वतःची फार कीव आली.

अकराला समिती आली. एसी लागला. चार गुच्छ दिले गेले. अहवालाच्या सात प्रती वाटल्या गेल्या. सर पाऊण तास बोलले, मध्ये वीज गेली, जनरेटर धडधडला आणि सर आणखी पंधरा मिनिटं बोलले. अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर घसरवून मॅडमकडे पाहिलं.

"चौदावा रकाना कोरा आहे."

मॅडम उठल्या. "हे सगळं सरांमुळे झालं," त्या म्हणाल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सरांची मान ताठ झाली.

"सरांनी नेमकं काय केलं?"

"सर चार महिने स्वतः बाजूला राहिले. सगळं आमच्यावर सोपवलं."

"तिकडून साधा एक फोनसुद्धा केला नाही मी," सरांनी मोठ्या मनाने भर घातली.

अध्यक्षबाईंनी एसीकडे पाहिलं, गुच्छांकडे पाहिलं, मग बराच वेळ सरांकडे पाहिलं. बाहेर जाऊन त्या माळ्याशी दोन मिनिटं बोलल्या. परत येऊन त्यांनी काहीतरी लिहिलं आणि श्रेणी जाहीर केली. अ. सरांनी त्याच दुपारी मॅडमच्या नेमणुकीवर सही केली. मॅडम बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडून आल्या.

आठवड्याने समितीचं पत्र आलं. सरांनी ते उघडलंच नाही, आधी परिपत्रक काढून सगळ्यांना सभागृहात जमवलं. मग माइकसमोर पाकीट फाडलं आणि खड्या आवाजात वाचायला घेतलं. "या यशात प्राचार्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे." इथे ते टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या झाल्या. "हे यश टिकवण्यासाठी प्राचार्यांना दरवर्षी अकरा महिने अभ्यासदौऱ्यावर पाठवावे. बाराव्या महिन्यात कॉलेजला सुट्टी असते, त्यामुळे तेव्हा ते आले तरी हरकत नाही."