दंडावरची चकती

भिलाईच्या प्लांटमधून रिटायर होताना कांताचा नवरा कवडू गेटपाससोबत अक्कलही जमा करून आला. मुलानं त्याच्यासाठी शुगर मोजणारी चकती पाठवली. दंडावर चिकटवली की आकडे थेट डॉक्टरांच्या मोबाइलवर. "तुले काय धाड भरली? आकडे चांगलेच येतीन," म्हणत या शहाण्यानं ती बायकोलाच चिकटवली. तिच्या तळव्यांची आग व्हायची, त्याला तो नाटकं म्हणे. आठवडाभर तो सेक्टर दोनच्या बाजारात जिलेब्या हाणत राहिला. मग व्हिडिओ कॉलवर डॉक्टर कडाडले, "कवडूजी, शुगर तीन सौ! क्या खाते हो?" कवडू फोन पोटाशी दाबून खेकसला, "चोरून काय खाल्लं वं? माहा रिपोर्ट बिघडवला!" कांतानं त्याच्याकडं चपलेला लागलेल्या शेणाकडं बघावं तसं पाहिलं. फोन हिसकावून तिनं दंड कॅमेऱ्यासमोर धरला. "डॉक्टरसाब, शुगर मेरी है. इनकी तो सिर्फ जलेबी थी."