फळीवरचा ठेका

स्पीकरच्या खोक्यावर ठळक लाल आकड्यांत तीन हजार वॉट छापलं होतं, आणि दुकानदार त्या आकड्यावर असं बोट आपटत होता, जणू काही वॉट आत दाटीवाटीने बसलेत आणि झाकण उघडलं की बाहेर सांडतील.

फूटपट्टीने खोकं उलटं केलं. फूटपट्टी हे त्याचं नाव ताईने ठेवलेलं. लहानपणी तो समोर येईल ते मोजत सुटायचा. आता शिकूनसवरूनही ते सुटलेलं नव्हतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खरा आकडा होता : सलग सातशे. उरलेले तेवीसशे पापणी लवायच्या आत येऊन जाणारे, ते धरायचे नसतात, असं त्याने दुकानदारालाच समजावलं. शेजारचा पंधरा इंची ड्रायव्हर, म्हणजे बिनखोक्याचा उघडा स्पीकर, मात्र सलग बाराशे झेलणारा होता. हलून आवाज काढणारा जाड पडदा, म्हणजे कोन, दोन हातांनीच उचलावं असं चुंबक, आणि आत कोनाला हलवणाऱ्या तारेच्या एकाऐवजी दोन गुंडाळ्या, कॉइल. दुकानदाराने विचारलं, हा राक्षस बसवणार कुठे, गाडीत? फूटपट्टी म्हणाला, फळीखाली.

ताई मागे स्टुलावर बसून दोघांचे ओठ वाचत होती. गेल्या वर्षीच्या मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान गेले होते. त्याआधी ती मुलांना नाच शिकवायची. येत्या सोमवारी वर्ग पुन्हा सुरू होतोय, असं तिने पालकांना कळवूनही टाकलं होतं. त्याला कारण फूटपट्टी. ठेका कानांतूनच आत शिरला पाहिजे असं कुठे आहे, खर्जातले आवाज पायांतूनही चढतात, हे त्याने तिच्या गळी उतरवलं होतं. लाकडी फळी, तिच्याखाली दणकट सबवूफर, आणि वर अनवाणी ताई. हिशोबात कुठे खोट नव्हती.

दुकानात त्यांनी तेच मांडून पाहिलं. आधी सातशेवाला. फूटपट्टीने ढोलाचा साधा ठेका लावला. ताई फळीवर चढली, क्षणभर थांबली आणि तिचा पाय ठेक्यावर नेमका पडला. मग पुन्हा, आणि पुन्हा. दुकानदाराने उत्स्फूर्तपणे दाद दिली. फूटपट्टीला डोळे पुसायचे होते, म्हणून तो वाकून उगाच जोडणी तपासत बसला.

मोठ्या ड्रायव्हरच्या तारा त्याने स्वतः लावल्या. दुकानदाराला हात लावू दिला नाही. ठेका सुरू केला. ताईने पाय उचलला, टाकला. एकही ठोका चुकला नाही.

"हाच घे रे," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने. स्वतःचा आवाज तिला आता बेतता येत नसे. "हा थेट पोटरीपर्यंत येतोय."

दुकानात काहीच वाजत नव्हतं.

दुकानदार कानात करंगळी घालून हलवत होता. फूटपट्टीने खाली पाहिलं. कोन जागचा हलत नव्हता. दोन कॉइलपैकी एकीच्या तारा त्याने उलट्या जोडल्या होत्या. एक कोनाला बाहेर ढकलत होती, दुसरी तेवढ्याच जोराने आत ओढत होती, आणि मधल्यामध्ये बाराशे वॉटची नुसती भट्टी पेटली होती. ताईचा पाय पडतच होता, अगदी ठेक्यात. तिची नजर कुठे आहे हे त्याने तेव्हा पाहिलं. अॅम्प्लिफायरच्या कोपऱ्यात एक इवलासा हिरवा दिवा होता. दर ठोक्याला लुकलुकणारा.

त्याने तारा सुलट केल्या. या वेळी फळी हादरली, कपाटातले लोखंडी पाने वाजायला लागले, दुकानदाराने कडेला सरकत चाललेला चहाचा कप उचलून हातात घेतला. फूटपट्टी सहज टेकल्यासारखा अॅम्प्लिफायरला टेकला आणि त्याने तळहात दिव्यावर ठेवला.

थोडा वेळ पाय बरोबर पडला. मग किंचित मागे राहिला. मग फारच. ओठांतल्या ओठांत मोजत, हसतमुखाने ताई भलत्याच जागी पाय टाकत होती. तारा बदलताना त्याच्या हातून निसटलेला एक स्क्रू फळीवर पडला होता. तिची टाच बरोबर त्याच्यावर येत होती. पाय पडला की स्क्रू रुतायचा, उचलला की टाचेला चिकटून वर यायचा. ताईच्या चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती.

तापाने फक्त कान नेले, असं तिने घरात सगळ्यांना सांगितलं होतं.

दुकानदाराने तो स्क्रू पाहिला आणि तोंड उघडलं. फूटपट्टीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. दिवा दिसेना तशी ताईची नजर भिरभिरली आणि फूटपट्टीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

"बरोबर पडतंय ना रे?"

त्याने नुसती मान डोलावली. ढोल कानांवर आदळत होता, त्यामुळे मान आपसूक ठोक्यावर खाली आली. ताईच्या पायाने ते टिपलं. त्याने पुन्हा मान डोलावली, पाय पुन्हा खाली आला. नेमका.

"हं, आता आला बघ," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

दुकानदार मागून विचारत होता, साहेब, मग यातला कुठला बांधू. फूटपट्टीला उत्तरासाठी मान वळवता येईना.