पितळी पातं

माझ्या मेहुण्यानं जन्मात एक मासा धरला नाही, पण माशांना भुलवायची फिरकी मात्र तो रोज सुधारत बसतो. आज पकडीनं तिचं पितळी पातं वाकवलं, मणी बदलला आणि दोरीला बांधून ती आंघोळीच्या भरलेल्या टबात ओढून बघायला घेतली.

"दाजी, बघा कशी फिरते!"

"साबण लागेल गळाला," मी म्हणालो.

तेवढ्यात दोरी ताठ झाली.

"गळ अडकवलास ना टबाच्या बुचाच्या साखळीत, गाढवा?"

त्याचा चेहरा उतरला. "गळ काढून ठेवलाय, दाजी. तो बघा, बेसिनवर."

मी वाकून पाहिलं. नितळ पाण्यात फिरकी अधांतरी थांबली होती. आसपास काहीच नव्हतं. आणि आमच्या डोळ्यांदेखत पातं सावकाश वाकू लागलं, मेहुण्याला जन्मात जमलं नसतं इतक्या सफाईनं.