पुआईचा मान

रुरुतू बेटावर 'पुआई' हा शब्द उगाच कुणालाही लावत नाहीत. पुआई म्हणजे अंगातलं बळ. नव्या वर्षाच्या गावफेरीत चर्चसमोरचा काळा दगड जो खांद्यावर घेईल, तोच वर्षभर गावाचा पुआई. एरवी हा शब्द फक्त होडीच्या मोटारीला, समुद्रावरच्या वाऱ्याला आणि पाद्रीबाबांच्या अत्तराला लावतात.

गेल्या वर्षी दगड ओपेताने उचलला. वयाचा मान म्हणून गाव त्याला पापा म्हणतं. तेव्हापासून तो जमिनीवर चटई टाकून झोपतो. गावाला त्याने सांगितलंय, पलंगावर उकडतं. पायात पॅन्ट कोण चढवून देतं, हे एकट्या तेउराला, त्याच्या बायकोला ठाऊक. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "परत उचललास, तर घरी तुलाच उचलून न्यावं लागेल." तरीही आज सकाळी ओपेता छाती काढून चर्चसमोर आला, आणि तेउरा टोपी विणत बायकांमध्ये बसली. विणीचे दोन फेर चुकले होते.

पहिला आला पुनुआ. गॅसचे सिलिंडर पोचवणारा गडी. दोन खांद्यांवर दोन सिलिंडर घेऊन चढावर शीळ घालतो. समोर त्याच्याशी लग्न ठरलेली मुलगी बसली होती. त्याने दगडाला मिठी मारली, ओढला, आणि दगड डुकराच्या पिल्लासारखा त्याच्या हातांतून सटकला.

"अरे, घट्ट धर! दगड आहे तो, लाजतोस काय?" बायकांमधून कुणीतरी ओरडलं.

पुनुआने पुन्हा धरला, पुन्हा सटकला. मग पोस्टमन आला, मग शाळेचा मास्तर, मग मास्तरचा मेहुणा. दगडाला फुलांचं खोबरेल चोळायची रीतच आहे, पण आज तो उन्हात नुसता लखलखत होता. तेउरा मान खाली घालून विणत राहिली.

शेवटी ओपेता उठला. पाय फाकवले, आभाळाकडे पाहिलं, दगडाला कवटाळलं. चेहरा लाल झाला. तेउराच्या हातातली टोपी चुरगळली. दगड गुडघ्यापर्यंतही आला नाही. सुळकन निसटून धप्पकन वाळूत पडला. ओपेता असा काही कण्हला की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

तो तिच्या शेजारी येऊन बसला. फार दुःखी दिसत होता. जरा जास्तच.

"बुळबुळीत होता," तो म्हणाला.

"असणारच. अख्खी बाटली ओतलीये मी पहाटे." तेउरा ओठ न हलवता पुटपुटली. "काय ओरडायचं ते घरी ओरड. पाठ तुझी, पण झोप माझी जाते."

ओपेता पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागला.

"मीपण ओतली होती," तो म्हणाला.

"काय?"

"एक बाटली. तू यायच्या आधी."

तेउराने विणकाम खाली ठेवलं. "अरे माणसा, मग मला सांगायचं ना, उचलायचा नाहीये म्हणून!"

"तुलाच कसं सांगणार? गावाचं सोड. तुला मी पुआई वाटतो ना?"

"मला तू काय वाटतोस, ते चर्चसमोर बोलण्यासारखं नाही," तेउरा म्हणाली, आणि कुणाच्या नाकापर्यंत वास जायच्या आत त्याचे दोन्ही हात आपल्या झग्याच्या काठाने खसाखसा पुसू लागली. लोकांना वाटलं, बिचारी त्याची समजूत काढतेय.

तेवढ्यात चर्चचे म्होरके ताआरोआ काठी टेकत उभे राहिले.

"दगड या वर्षी कुणाच्याच खांद्यावर गेला नाही," ते म्हणाले. "यात देवाचा काहीतरी हेतू असेल. मान ज्याचा होता, त्याच्याकडेच राहील. पापा ओपेता, तूच पुआई. पुढच्या वर्षी दगडाला पहिला हात तुझाच."

टाळ्या झाल्या. ओपेताच्या गळ्यात इतक्या माळा पडल्या की त्याची हनुवटी दिसेना. पुनुआ पुढे आला, त्याचा हात धरून हलवला. "पापा, तुझ्याएवढं बळ आम्हाला कधी येणार?"

"येईल, येईल," ओपेता माळांच्या आतून म्हणाला. "आधी लग्न तर कर."

घरी आल्यावर तेउराने फळीवरच्या दोन्ही रिकाम्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आणि पुढच्या वर्षीच्या तेलासाठी नारळ फोडायला घेतले. खवायलाही तीच बसली. खवणी बुटकी होती, आणि तिच्यावर बसायला ओपेताची पाठ वाकत नव्हती.