टाचेने अडवलेला दगड

छपराच्या उतारावर बळीरामने उजव्या टाचेने पाटीचा एक सुटा दगड अडवून धरला होता. टाचेच्या सरळ रेषेत खाली, छपराच्या कडेखालच्या सावलीत, त्याची बायको गोदू सुपात सुकट निवडत बसली होती.

नेरे गावातल्या या फार्महाऊसची राखण दोघांकडे होती. पावसाळ्यापूर्वी छपरावर चढायचे, कौल उचलायचे, झाडायचे, पुन्हा बसवायचे, हे बळीराम जन्मभर करत आला होता. या छपरावर कौले नव्हती. शाळेच्या पाटीला वापरतात त्या काळ्या दगडाच्या फरश्या होत्या. त्यांना हात लावू नकोस, असे मालकांनी बजावले होते. हात न लावता टिकणारे छप्पर बळीरामला पटले नव्हते. कौल काढावे तशी त्याने एक फरशी ओढली. ती खिळ्यावर टांगलेली होती. खिळा तुटला आणि हातभर लांबीचा तो पातळ, धारदार दगड घसरत त्याच्या टाचेशी येऊन थांबला.

उतारावर टाकलेल्या बांबूच्या शिडीला त्याने दोन्ही हातांनी धरले होते. वाकायला गेला असता तर तोच खाली आला असता. पोटरी थरथरू लागली.

ओरडून सावध करावे, तर गोदू सवयीप्रमाणे मान वर करून बघणार. दगड तिच्या तोंडावरच येणार.

“गोदू, आतून जरा पानी आन,” तो जमेल तितक्या सहजपणे म्हणाला.

गोदू हसली. छपरावर चढल्यावर उतरेपर्यंत पाण्याचे नाव काढायचे नाही, हा नेम त्याचाच होता.

“नेम मोडलात? म्हातारं झालात आता तुमी,” असे म्हणून ती पुन्हा सुकटीतला कचरा वेचू लागली.

दगड बोटभर सरकला.

“गोदू. पानी.”

तिचा हात थांबला. तिने वर पाहिले नाही. सूप तिथेच ठेवून ती आत गेली.

टाच सुटली.

गोदू तांब्या घेऊन उंबऱ्याशी आली, तेव्हा सूप मधोमध चिरले होते आणि त्यातून दगड मातीत उभा रुतला होता. वर बळीराम शिडीला कवटाळून पडला होता.

गोदू उंबऱ्यातच बसली. दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावून तिने सगळे पाणी स्वतःच पिऊन टाकले.