रोजचा एक प्रश्न

‘पुन्हा तोंड दाखवू नकोस,’ असं टिपणीस सर रागाच्या भरात लेकीला बोलून गेले, त्याला चार वर्षं झाली. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून गेल्या जूनपासून ते तिच्या मोबाइलवर रोज सकाळी सामान्यज्ञानाचा एक प्रश्न पाठवू लागले, तिच्या लहानपणी विचारायचे तसाच. दूरदर्शन कधी सुरू झालं? पानिपतची तिसरी लढाई कोणत्या साली झाली? खो-खोत एका संघाचे किती खेळाडू मैदानात उतरतात?

पाच-दहा मिनिटांत उत्तर येई. नुसता आकडा, पुढे-मागे काही नाही. तेवढ्यावर सरांचा दिवस जाई.

काल तिच्या वाढदिवसाला त्यांनी धीर करून फोन लावला. पलीकडे अनोळखी पुरुषाचा आवाज होता.

“रेणू आहे का? मी तिचा बाबा.”

“काका, हा नंबर दीड वर्षापासून माझ्याकडे आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मला वाटलं, तुम्ही क्लासवाले आहात.” तो जरा ओशाळला. “पण प्रश्न बंद करू नका हं. फार उपयोग होतो.”

“बरं,” म्हणून सरांनी फोन ठेवला. रेणू कुठे राहते, कशी आहे, हे विचारायला त्यांना एकही माणूस आठवेना.