घरचा गॅस

निडी गावच्या पोपटने बैलजोडी विकली, त्याला वीस दिवस झाले आणि दारात नवाकोरा पॉवर टिलर येऊन उभा राहिला. पोपटने त्याला हार घातला, नारळ फोडला आणि जमलेल्या आळीला ऐकवलं, "वैरन नको, पानी नको. डिझेल ओतलं का झालं!" मग मोठ्या तोऱ्यात त्याने आत बायकोला हाक मारली, "मालू, सगळ्यांना चा टाक गो!"

बराच वेळ झाला तरी चहा येईना, तेव्हा तोच आत गेला. मालू शेगडीपुढे बसली होती आणि भोवती विझलेल्या काड्यांचा सडा पडला होता.

"गॅस नाय," ती म्हणाली.

"नाय? घरचा गॅस संपेल कसा?"

तो तसाच परसात धावला. गोबर गॅसच्या टाकीवरचं लोखंडी झाकण, जे रोज सकाळी गॅसने वर उचललेलं असायचं, ते पार तळाला जाऊन बसलं होतं. शेजारी गोठा लख्ख झाडलेला होता. दोन खुंटे तेवढे उभे होते.

"बैल गेले त्या दिवशी मी विचारलं व्हतं, आता टाकीत घालायला शेन कुठनं आनू?" मालू मागून म्हणाली. "तुमी हसलात."

त्याने वळून पाहिलं. गोबर गॅस आल्यापासून सहा वर्षं माळ्यावर पडलेला रॉकेलचा डबा तिने पुसून हातात धरला होता.

"डिझेल आनायला रोह्याला जानारच हाय ना? मग ह्यो पन भरून आना."